नावावरचा ठिपका

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या किन्हीराजाचा आणि नॉर्वेचा संबंध काय, असे वाचक विचारतील. एक संबंध जुना आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात आमच्या वऱ्हाडीचीही नोंद आहे, आणि तो सिद्ध करणारे स्टेन कोनो हे नॉर्वेचे.

दुसरा संबंध अगदी घरचा. माझी भाची ऑस्लोला असते. गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा तिच्या मुलीच्या शाळेच्या वहीवर मला ‘नाव्न’ असा शब्द दिसला. अर्थ विचारला, तर पोर म्हणते, “आजोबा, नाव्न म्हणजे नाव!”

मला गंमत वाटली आणि मी कोश काढून बसलो. हा योगायोग नव्हे. संस्कृतातला ‘नामन्’ आणि जुन्या नॉर्समधला ‘नाफ्न’ हे एकाच मुळाचे. मूळचा ‘म’ दोन्ही घरी झिजला आणि दोन्हीकडे, एकमेकांना न विचारता, त्याचा ‘व’ झाला. आपल्याकडे तो दोन स्वरांच्या मध्ये सापडून सैलावला. ग्रामाचे गाव झाले, तसेच नामाचे नाव. तिकडे त्याचे शेजारच्या ‘न’शी पटले नाही. नॉर्वेत लेखनाच्या दोन पद्धती आहेत. १८८५ पासून दोन्हींना सारखाच मान आहे. त्यांतल्या नीनॉर्स्कमध्ये मात्र अजून ‘नाम्न’ असेच लिहितात.

आपणही ‘म’ पुरता टाकला नव्हता. त्याची आठवण ठिपक्याच्या रूपाने डोक्यावर वागवत होतो. माझे वडील ‘नांव’, ‘गांव’ असेच लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी हा अनुच्चारित अनुस्वार गेला. पोरांचे ओझे उतरले, हे बरेच झाले. पण माणसाचे ‘नांव’ आणि पाण्यातली ‘नाव’ हा कागदावरचा भेद मिटला. नॉर्वेत होडीच्या छपराला ‘नाउस्ट’ म्हणतात. त्यातला ‘नाउ’ हा आपल्या नौकेचा भाऊ! किन्हीराजाला समुद्र नाही, म्हणून आमचे अडत नाही. “तुह्यं नाव काय हाय?” म्हटल्यावर कुणी होडी दाखवीत नाही.

भाचीला काळजी, की मुलीचे मराठी सुटेल. मी तिला म्हटले, “बाई, ‘म’ गेला, ठिपकाही गेला, तरी नाव राहिलेच ना? ते लिहिण्याने टिकले नाही, हाक मारण्याने टिकले. तू घरात तिच्याशी मराठीत बोलत जा.”