सिदिस्त किलोचा जिना

आमच्या शेजारचे मास्तर तरुणपणी इथिओपियात गणित शिकवून आले होते. सम्राट हाइले सेलासींच्या काळात तिथल्या शाळांमधून पुष्कळ भारतीय शिक्षक होते, त्यांतलेच ते एक. एकदा बोलता बोलता म्हणाले, "अदिस अबाबाचं विद्यापीठ राजवाड्यात भरतं. आणि वाड्यासमोर शत्रूनं बांधलेला जिना आहे. त्यांनी तो पाडला नाही." मी तेव्हा नववीत होते. पुढे कॉलेजात इतिहास घेतला, एक सत्र परदेशात शिकायची संधी आली, आणि मैत्रिणी जर्मनी-आयर्लंडचे अर्ज भरत असताना मी अदिस अबाबा लिहिलं.

शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार तीनशे मीटरच्याही वर. पहिले काही दिवस साधा चढ चढतानाही धाप लागते. राहायला मिळालेल्या खोलीत पाणी मध्यरात्रीनंतर यायचं, तेव्हा उठून पिवळे कॅन भरून ठेवायचे आणि सकाळी त्यातल्याच गार पाण्यानं अंघोळ. भाडं मात्र आगाऊ आणि चोख. घड्याळ इथे सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आठचा वर्ग 'दोन वाजता' असतो. जेवणाचे हाल अजिबात झाले नाहीत. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपास करतात, त्या दिवशी कुठल्याही खाणावळीत इंजेराच्या आंबूस पोळीवर शिरो, मसूर, कोबी, बीट असं पोटभर शाकाहारी ताट मिळतं.

राष्ट्रीय संग्रहालयात बत्तीस लाख वर्षांपूर्वीची मानवपूर्वज लुसी आहे. पाहिली आणि निघाले. माझं लक्ष सिदिस्त किलोच्या चौकाकडे होतं.

मास्तरांनी सांगितलेला गेनेते लेउल राजवाडा तिथेच, आता विद्यापीठाच्या आवारात आहे. डिसेंबर १९६० मध्ये सम्राट परदेशी असताना त्यांच्याच अंगरक्षक दलानं उठाव केला आणि याच वाड्यात ओलीस धरलेल्या मंत्र्यांवर, सरदारांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या वर्षी सम्राटांनी वाडा विद्यापीठाला देऊन टाकला. वर संग्रहालयात त्यांची झोपायची खोली जपली आहे. आरशाला गोळीचं भोक आहे आणि त्याभोवती काचेला गेलेले तडे. वाटाड्याला पुढच्या दालनातल्या वाद्यांची घाई होती, मी तिथून हलेना.

जिना बाहेर मोकळ्यावर उभा आहे, कुठेच न पोहोचणारा. तो इथिओपिया व्यापलेल्या इटालियनांनी बांधलेला; त्यांच्या फॅसिस्ट सत्तेच्या एकेका वर्षाला एकेक पायरी, असं सगळे सांगतात. इटालियन गेल्यावर इथिओपियानं सर्वांत वरच्या पायरीवर आपलं राजचिन्ह, 'यहूदाचा सिंह', आणून बसवलं. मास्तरांनी सिंहाचं सांगितलं नव्हतं.

इटलीचा व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच वाड्यात राहत होता. १९ फेब्रुवारी १९३७ ला इटलीच्या राजघराण्यात मुलगा झाल्याच्या आनंदात इथे गरिबांना दानधर्म चालला होता. अब्रहा देबोच आणि मोगेस अस्गेदोम या दोन एरिट्रियन तरुणांनी हातबॉम्ब फेकले. ग्रात्सियानी जखमी झाला, वाचला. त्यानंतर तीन दिवस फॅसिस्टांच्या काळ्या डगलेवाल्यांनी शहरात जो दिसेल तो मारला, घरं माणसांसकट पेटवली. चौकातल्या पांढऱ्या स्मारकस्तंभावर युगोस्लाव शिल्पकारांनी ते शिल्पांत दाखवलं आहे. मी रोज त्याच्याखालून वर्गाला जायचे.

किती माणसं मेली? महायुद्धानंतर इथिओपियाच्या सरकारनं तीस हजार सांगितली. इयन कॅम्पबेल या संशोधकानं साक्षीदारांचे जबाब, कागदपत्रं आणि शहराचे नकाशे जुळवून २०१७ च्या पुस्तकात सुमारे १९,२०० चा अंदाज दिला. म्हणजे त्या वेळच्या अदिसमधल्या पाच इथिओपियनांमागे जवळजवळ एक. वर्गात मी हा आकडा घेतला तेव्हा आमचे सर गंभीर झाले. म्हणाले, "तू आकडा खाली आणतेस. उद्या रोममध्ये कुणी म्हणेल, बघा, यांनी फुगवलंच होतं."

मला त्यांचं दुःख कळत होतं, तरी मी मागे हटले नाही. याच कॅम्पबेलनं आणि देगिफे गब्रे-त्सादिक यांनी देब्रे लिबानोसच्या मठाचा शोध घेतला. मे १९३७ मध्ये तिथे भिक्षू, शिकाऊ मुलं, यात्रेकरू मारले गेले. ग्रात्सियानीनं रोमला ४४९ कळवले होते. या दोघांनी शोध घेतला तेव्हा आकडा १,४२३ ते २,०३३ पर्यंत गेला. ज्या हातानं एक आकडा खाली आणला त्यानंच दुसरा तिपटीहून वर नेला. अशा माणसावर मी विश्वास ठेवते. सर म्हणाले, "मठात यादी होती. झोपड्यांत कुणाची यादी होती?"

आमचं भांडण तासानंतर बुन्ना, म्हणजे कॉफी, पिताना, त्यानंतर फाटकापर्यंत चालू राहायचं. बाकीचा अभ्यासक्रम मागे पडला. उत्तरेला लालिबेला पाहायचं ठरलं होतं, तेही राहिलं. मी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसले. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात १९४१ साली इटालियन फौजेशी लढलेल्यांत मराठा लाइट इन्फन्ट्री होती, हे तिथेच वाचलं आणि सरांना दाखवलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

ग्रात्सियानीला १९५० मध्ये एकोणीस वर्षांची शिक्षा झाली, ती महायुद्धात जर्मनांना साथ दिल्याबद्दल. काही महिन्यांत तो सुटला. अदिस अबाबाबद्दल, देब्रे लिबानोसबद्दल त्याच्यावर कधीच खटला चालला नाही. २०१२ मध्ये इटलीतल्या आफिले गावात सरकारी पैशातून त्याचं स्मारक उभं राहिलं.

सत्राच्या निबंधात मी दोन्ही आकडे दिले आणि १९,२०० च्या बाजूनं लिहिलं. सरांनी समासात लिहिलं, "आगीत गेलेल्यांचं काय?" प्रश्न खरा आहे. म्हणून पुढचा प्रबंध जळालेल्या वस्त्यांवर करायचा असं मी त्यांना कळवलं आहे. ज्यांनी ते तीन दिवस पाहिले त्यांची मुलं-नातवंडं अजून सिदिस्त किलोच्या गल्ल्यांत राहतात. त्यांच्याकडे जायचं आहे, आणि तेही लवकर.