छापा, काटा आणि धातू

मराठी भाषेने टाकसाळीकडून बरेच उसने घेतले आहे. माणूस चोख असला की आपण त्याला खणखणीत नाणे म्हणतो. एखाद्याची चलती असली की तो चलनी नाणे होतो, आणि क्रिकेटचा सामना सुरू होण्यापूर्वी छापा की काटा हे विचारल्याशिवाय आपले चालत नाही. मात्र हे सारे शब्द ज्या टाकसाळीतून आले, ती आपल्यापैकी फार थोड्यांनी आतून पाहिली असेल. मीही पाहिलेली नाही. पण मी मूळचा डिचोलीचा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी एकाच आयुष्यात जितक्या तऱ्हांची नाणी मोजली, तितकी इतरत्र क्वचितच कोणी मोजली असतील. तेवढ्या भांडवलावर हा विषय हाती घेतला आहे.

गोव्याला एके काळी स्वतःची टाकसाळ होती. १५१० साली गोवा घेतल्यावर आफोंस द आल्बुकेर्कने लगेच सोन्याची, चांदीची आणि तांब्याची नाणी पाडायला सुरुवात केली. त्यांवर क्रूस होता आणि पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह असलेला खगोल होता. शत्रू अजून दाराशी असताना नाण्यांची एवढी घाई कशाला, असे वाटेल. पण जाहीरनामा वाचता न येणाऱ्यालाही बाजारात हाती पडलेल्या नाण्यावरून राज्य कोणाचे आले हे कळते. पुढे पणजीला सरकार आले, तशी टाकसाळही आली. १८३४ च्या सुमारास ती जिथे सुरू झाली, ते घर पणजीच्या मुख्य टपाल कचेरीशेजारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यातील नाणी पाडण्याचे काम बंद पडले.

यानंतरची गंमत मोठी आहे. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात तह झाला आणि गोव्याचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाशी जुळता करण्याचे ठरले. त्याप्रमाणे १८८१ आणि १८८२ साली गोव्याचे रुपये पाडले गेले ते कलकत्त्याच्या टाकसाळीत! राजा पोर्तुगालचा लुईश पहिला, टाकसाळ इंग्रजांची आणि चालवायचे गोव्यात. पुढची नाणी पोर्तुगालहून बोटीने येऊ लागली. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेले. तिथल्या शेतकऱ्याने हा तह वाचलेला नव्हता. तो रुपया दगडावर आपटून बघायचा आणि आवाज बरा आला की कनवटीला लावायचा.

नाणे पाडण्याची मूळ रीत साधी आहे. खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर धातूची तापवलेली चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. यंत्रे आली तरी पायऱ्या फारशा बदलल्या नाहीत. धातू वितळवून त्याची पट्टी लाटतात, पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांच्या कडा उचलतात, त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात आणि मग दोन ठशांमध्ये एका दाबात छापा आणि काटा दोन्ही उमटतात. तोवर ती नुसती चकती असते. ठसा उमटला की तिला बाजारात बोलण्याचा अधिकार येतो.

हा अधिकार किती टिकतो, ते मला १९८४ साली डिचोलीच्या बाजारात एका शेटच्या दुकानात कळले. माझ्या बहिणीचे लग्न ठरले होते. आजीने कुळागरातली सुपारी विकून साठवलेल्या रुपयांची पुरचुंडी काढली आणि मला घेऊन ती दुकानात आली. शेटने चार रुपये ओळीत मांडले. एक १८८२ चा, दुसरा १९३५ चा, तिसरा १९४७ चा आणि चौथा १९५२ चा. प्रत्येक दगडावर वाजवला, कसोटीला घासला. पहिले दोन त्याने काही न बोलता आपल्याकडे ओढले. तिसऱ्याला म्हणाला, "यात निम्मी चांदी." चौथा त्याने बोटाने परत सारला. "वहिनी, यात चांदीच नाही. तांबे नि निकेल."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शेटा, मी तर चारही वेळा सुपारी सारखीच मोजून दिली होती."

शेटचे काही चुकले नव्हते. १९३५, १९४७ आणि १९५२ ही तिन्ही नाणी वजनाला १२ ग्रॅमचीच. नावही तेच, रुपया. पण १९३५ च्या रुपयात शेकडा सुमारे ९२ भाग चांदी होती, १९४७ मध्ये ५० उरली आणि १९५२ मध्ये शून्य. हे एकट्या पोर्तुगिजांनी केले असेही नाही. इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात आपल्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि १९४६-४७ साली निकेलचा रुपया काढला. ठसा कायम ठेवून आतला धातू काढून घेता येतो, आणि त्याची खबर सुपारी विकणाऱ्या बाईला तीसचाळीस वर्षांनी सोनाराच्या दुकानात लागते. चांगल्या रुपयांची बहिणीला जोडवी झाली. १९५२ चा रुपया आजीने माझ्या हातावर ठेवला.

त्याच आजीने आणखी एक कसरत केली होती. आधी १६ टांगांचा एक रुपया. १९५८-५९ मध्ये पोर्तुगिजांनी रुपया काढून एस्कुदो आणला. ६ एस्कुदोंचा जुना एक रुपया आणि १०० सेंतावोंचा एक एस्कुदो. हा हिशेब अंगवळणी पडतो न पडतो तोच १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १०० नव्या पैशांचा भारतीय रुपया आला. चार वर्षांत रुपयाचे १६ चे ६०० आणि ६०० चे १०० भाग झाले. शाळा न पाहिलेल्या बायकांनी हे गणित भाजीच्या टोपलीपाशी बसून सोडवले.

आमच्या तालुक्याचा नाण्याशी आणखी जुना संबंध आहे, आणि शेजारच्या पानांवरील कानडी वाचकांनाही तो जवळचा वाटेल. बेळगाव जिल्ह्यातील हळशीपासून गोव्यापर्यंत राज्य करणाऱ्या कदंबांनी सोन्याची नाणी पाडली. त्यांवर सिंह असे आणि राजाला श्री सप्तकोटीश्वराचा वर लाभल्याचा लेख असे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर तो डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आणला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने बांधायला लावले. सहाच वर्षांनी, राज्याभिषेकाच्या वेळी, त्यांनी स्वतःच्या नावाचे होन आणि शिवराई पाडल्या. कदंबांनी नाण्यावर देवाला साक्षी ठेवले, पोर्तुगिजांनी राजाला. आज आपल्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत.

आजच्या रुपयात तर चांदीचा प्रश्नच नाही. तो पोलादाचा आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार ठिकाणी सरकारी टाकसाळी आहेत. खिशातले नाणे काढून सालाखाली पाहा. चौकट असली तर ते मुंबईचे, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. मुंबईची टाकसाळ १८२९ पासूनची आहे, आणि नाण्यांबरोबर तिथे प्रमाण वजनेही तयार होतात, हे मला फार योग्य वाटते. मात्र धातू गेला म्हणजे उरतो तो निव्वळ शब्द. काही वर्षांपूर्वी १० रुपयांचे नाणे खोटे आहे अशी आवई उठली आणि दुकानदार ते घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की त्याचे १४ नमुने आहेत आणि सर्व खरे आहेत. ठसा सरकारचा होता, पण नाणे अडले ते भाजीवालीच्या 'नको' या एका शब्दापाशी.

आमचे महाविद्यालयही दरवर्षी काही नाणी पाडतेच. पदवीदान समारंभात ठसा सर्वांवर सारखाच उमटतो. विद्यापीठाचे नाव आणि साल स्पष्ट दिसते. चकतीत काय ओतले, हे आम्हा शिकवणाऱ्यांना ठाऊक असते आणि विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. बाजाराला मात्र ते उशिरा कळते. तेव्हा तिथे कोणीतरी कसोटीचा दगड घेऊन बसलेला असतो, आणि समोर सारखीच सुपारी मोजून देणारे आईबापही असतात. त्यांची फसगत होऊ नये, एवढी जबाबदारी टाकसाळीवर येतेच.