वास नसलेलं गांडूळ

पडेगाव,
आषाढ वद्य त्रयोदशी

चि. भाचेराव यांस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं डॅलसहून आलेलं पाकीट पोचलं. मामीनं ते उघडलं, किंचाळली आणि लांबूनच विचारलं, "हे खायचं असतं का?" जांभळ्या रंगाची, आत चमकी असलेली, वीतभर लांब रबरी गांडुळं. मी ती तिच्या पारदर्शक डब्यात भरून माळ्यावर ठेवली. आठ दिवसांनी काढतो तर डब्याचा तळ पाघळून गांडुळांना चिकटलेला. गांडूळ मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल घालतात, ते दुसरं प्लास्टिक खातं, हे पाकिटावर लिहायला हवं होतं. डब्याचे पैसे तुझ्या नावावर मांडले आहेत.

या किड्याचा जन्म स्वयंपाकघरातलाच, हे वाचून मामीचा राग थोडा उतरला. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी, म्हणजे टायरांच्या गावी, निक क्रीम नावाच्या कारागिरानं आणि त्याच्या बायकोनं 1949 मध्ये चुलीवर प्लास्टिक शिजवून पहिलं गांडूळ ओतलं. पुढे कारखाना तुमच्या टेक्ससमधल्या टायलरला गेला. त्या घरातली भांडी पुढे कशाला वापरली, असं मामी विचारते.

पाकीट घेऊन मी आमच्या भोई दोस्ताकडे गेलो. दौलताबादच्या अलीकडे एक जुना पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला. त्याचा ठेका सध्या याच्याकडे. त्यानं गांडूळ नाकाशी नेलं आणि म्हणाला, "सर, याला वासच नाही. मासा काय येडा हाय का?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याकडचं गळ टाकणं वासावर चालतं. रोहू-मृगळाला पेंड आणि कणकेची गोळी, शिंगट्याला कोंबडीचं आतडं, वांबीला खरं, ओलं, चिखलातलं गांडूळ. आपण बसून राहायचं आणि वास पाण्यात पसरत जातो. तुमच्याकडचा बास मासा नजरेनं शिकार करणारा, हलेल त्यावर झडप घालणारा. आपल्यात तसा गडी म्हणजे मरळ. तिला बेडूक लावतात तो वासासाठी नाही, पाय मारतो म्हणून.

मग मी चष्मा लावून तुझ्या चिठ्ठीतलं टेक्सस पद्धतीचं ओवणं करून बघितलं. बंदुकीच्या गोळीसारखं शिसं दोरीत ओवायचं, निमुळती बाजू वर. खाली गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात नखभर खुपसून बाजूनं काढायचं, सगळा गळ त्या भोकातून नेढ्यापर्यंत ओढून घ्यायचा, अर्धा फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात रुतवायचं. पलीकडे मात्र निघू द्यायचं नाही. पहिली दोन गांडुळं वाकडी बसली. पाण्यात भोवऱ्यासारखी फिरून दोरीला पीळ पडला. तिसरं सरळ बसलं. दोस्तानं ते तळहातावरून, मग सदऱ्यावरून ओढून पाहिलं. कुठेच अडकलं नाही. तो एकदम गप्प झाला.

कारण आमच्या तलावाचं दुखणंच ते. काठाला बेशरम माजलेली, पाण्यात बुडालेल्या बाभळी, मधे शेवाळ. मरळ नेमकी त्यातच बसते आणि तिथे टाकलेला गळ परत येत नाही. कॅरोलायना पद्धत, म्हणजे शिसं दोन हात वर आणि गांडूळ मागून तरंगत येणारं, ही मोकळ्या पाण्याची चैन आहे. कमरेत टोचून दोन्ही टोकं थरथरवायची ती वॅकी पद्धत दोस्ताला आवडली, पण तिच्यात टोक उघडं राहतं. ती त्यानं एकाच्या शेततळ्यात करून बघितली. शेतकरी काठी घेऊन धावत आला. तळ्याच्या कागदाला एक भोक पडलं तर तुम्ही भरून देणार का, म्हणाला. रास्त होतं.

तलावावर पहिल्याच सकाळी दोन झटके बसले आणि दोन्ही सुटले. मरळीचा जबडा हाडाचा. टोक आधी रबरातून बाहेर पडायचं आणि मग त्या हाडात घुसायचं, एवढा जोर आमच्या बांबूच्या काठीत नाही. तिसऱ्या वेळी मी दोन्ही हातांनी हिसका दिला आणि मागे चिखलात बसलो. मरळ काही आली नाही.

तेवढ्यात दोस्तानं माझा हात धरला. बेशरमीच्या सावलीत पाण्याला तांबूस डाग पडला होता, तव्याएवढा, आणि तो हलत होता. मरळीची पिल्लं. मरळीला वर येऊन हवा गिळावी लागते, म्हणून पिल्लंही वरच झुंडीनं असतात. खाली नर-मादी राखण करतात. त्या डागाजवळ काहीही पडलं तरी आई झेप घेते. भुकेनं नव्हे, हाकलायला. अशा वेळी मरळ धरणं सगळ्यांत सोपं. दोस्तानं काठी गुंडाळली. "आत्ता ही घेतली तर दोन दिवसांत समदी पिल्लं दुसऱ्याच्या पोटात."

तुमच्याकडे नर बास पाण्याच्या तळाशी घरटं खणून असाच पहारा देतो आणि त्याच्या पुढ्यात गांडूळ सोडावं की नाही, यावरून मंडळी भांडतात, असं तू लिहिलंस. त्याला उचलून फोटो काढून परत सोडतात, हे मी दोस्ताला सांगितलं. तो म्हणाला, "तेवढ्या वेळात घरटं कोण राखतं?" उत्तर असेल तर कळव.

आणि बासची पिल्लं पिशवीत घालून आणतो, हे गमतीतही लिहू नकोस. जपाननं 1925 मध्ये आशी तळ्यात हौसेनं बास सोडला. 2009 मध्ये तिथल्याच बिवा सरोवरात दहा किलोचा निघाला, जॉर्जियातल्या 1932 च्या विक्रमाशी बरोबरी करणारा. पण तेव्हा सरकार तो संपवायच्या मागे होतं. आपण 1952 मध्ये आफ्रिकेची चिलापी आणली, ती आता प्रत्येक डबक्यात आहे. एक पाहुणा पुरे.

पुढचं ऐक. गांडुळं संपली. एक तुटून पाण्यात गेलं, ते मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून शोधलं, कारण ते कुजत नाही. पण पाकिटात गांडुळांबरोबर आलेले वाकड्या मानेचे तुझे गळ उरले होते. दोस्तानं सायकलची जुनी ट्यूब कात्रीनं कापून बोटाएवढ्या पट्ट्या केल्या, शेपटीकडे चिरून दोन पाय केले आणि त्या गळावर अगदी टेक्ससच्या पद्धतीनं ओवल्या. पिल्लांची जागा सोडून, सांडव्याच्या बाजूला, सागाच्या जाड काठीनं. काल संध्याकाळी सव्वा किलोची मरळ आणून मामीच्या पुढ्यात ठेवली.

परवा अमावास्या, म्हणजे गटारी. त्यानंतर श्रावणभर घरात मासा येणार नाही, म्हणून आज तिखट रस्सा आहे. पुढच्या पाकिटात गांडुळं पाठवू नकोस. नुसते गळ पाठव, वाकड्या मानेचे, थोडे जाड तारेचे. ट्यूब इथे मिळते.

मामी आशीर्वाद सांगते. डब्याची आठवणही.

तुझा,
मामा