डोळे मिटलेली फौज

लष्कर म्हटले की माझ्यासमोर टक्क डोळे उघडे ठेवून उभा असलेला शिपाई येतो. पहाऱ्यावर डुलकी लागली तर त्याची काही धडगत नसते, असे लहानपणापासून ऐकत आलो. डोळे मिटण्याची मुभा आपल्याकडे तीनच ठिकाणी: देवघरात, कीर्तनात आणि ज्याच्या त्याच्या हिमतीवर कचेरीत. त्यामुळे अमेरिकेच्या लष्कराने काही माणसांना वर्षानुवर्षे सरकारी खर्चाने डोळे मिटून बसवले होते, हे वाचले तेव्हा सैन्यात न गेल्याची मला पहिल्यांदा हळहळ वाटली.

थट्टा नाही. मेरीलँडमधल्या फोर्ट मीडच्या तळावर हे खाते होते. काम असे, की एका माणसाने शांत पडायचे, मन स्थिर करायचे आणि हजारो मैलांवर रशियात काय चालले आहे ते सांगायचे. दुसऱ्याने ते लिहून घ्यायचे. या विद्येला तिकडे ‘रिमोट व्ह्यूइंग’ म्हणतात. मराठीत सरळ ‘दूरदर्शन’ म्हणायला हवे. पण ते नाव आपल्याकडे आधीच गेले. दोन्हीकडे चित्र मात्र सारखेच: मुंग्या फार आणि मधूनमधून ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’.

याची सुरुवात 1972 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये झाली. पुढे या उद्योगाला ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, स्टार गेट अशी नावे पडत गेली. इतक्या वेळा पाटी आपल्याकडे फक्त भिशी बुडवणारे बदलतात. आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर रशियन लोक असलेच काहीतरी करीत आहेत, अशी कुणकुण लागली म्हणून. शेजारणीकडे मिक्सर आला की आपल्या घरातला पाटा-वरवंटा एका रात्रीत कसा निकामी होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला शीतयुद्ध वेगळे समजावून सांगायला नको.

1983 च्या जून महिन्यात तर वेन मॅक्डॉनेल नावाच्या लेफ्टनंट कर्नलने वरिष्ठांना ध्यानावर चक्क अहवाल सादर केला. रॉबर्ट मन्रो हा मूळचा रेडिओच्या धंद्यातला माणूस. शरीराबाहेर फेरफटका मारून आल्याचा अनुभव आपल्याला येतो, असे तो सांगे. व्हर्जिनियात त्याने संस्था काढली. तिथे कानांना हेडफोन लावायचे. एका कानात सेकंदाला 100 कंपनांचा सूर, दुसऱ्यात 104 चा. दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित चुकल्या की हवेत एक हेलकावा ऐकू येतो ना, तसा 4 चा हेलकावा इथे मेंदूच्या आत तयार होतो. मेंदू त्याच्या ठेक्याने चालू लागतो आणि जाणीव देहाच्या कुंपणापलीकडे जाते, असा मन्रोचा दावा. कर्नलसाहेबांनी तो तपासायला घेतला आणि अहवालात संमोहन, कुंडलिनी, क्वांटम विज्ञान, सगळ्यांना एका पंगतीला बसवले. आमच्या आळीतल्या बुवांनीसुद्धा एका प्रवचनात इतका पल्ला मारला नसता. 2003 साली अहवाल खुला झाला, तर त्या प्रतीत नेमके पंचविसावे पान नाही! मोक्षाचा पत्ता त्याच पानावर असणार, असे मानणारे भाविक लगेच तयार झाले.

त्याच काळात लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते मेजर जनरल अल्बर्ट स्टबलबाइन. वस्तू म्हणजे बहुतेक पोकळीच, मीही पोकळी आणि भिंतही पोकळी, मग अडते कुठे, असा विचार करून ते आपल्या कचेरीच्या भिंतीतून आरपार जायचा प्रयत्न करीत. अडायचे ते नाकाशी. ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. आमच्याकडे ज्ञानोबांनी भिंत चालवली, असे सांगतात. पण त्यांनीसुद्धा भिंतीला भिंतच राहू दिले होते.

आता आपल्याकडचे पाहा. दिल्लीच्या ‘एम्स’मधले आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी काही योग्यांच्या डोक्यांना तारा जोडल्या आणि 1961 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणूस डोळे मिटून स्वस्थ बसला की मेंदूत सेकंदाला 8 ते 13 अशी अल्फा लहर दिसते. कुणी दचकवले की ती मोडते. या योग्यांची समाधी लागल्यावर दिवे लावले, आवाज केले, अंगाला गरम नळी टेकवली, लहर ढिम्म. दोघांनी तर 4 अंशांच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी ती मोडली नाही. फरक लक्षात आला ना? जवळचेही दिसू नये म्हणून योगी डोळे मिटतो. लष्कराला त्याच मिटल्या डोळ्यांनी लांबचे हवे होते.

पण ज्या यंत्राने या लहरी टिपल्या, त्याचा उगमच फौजेतला आहे, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. हान्स बर्गर हा जर्मन तरुण 1890 च्या दशकात घोडदळात होता. कवायतीत घोडा उधळला आणि हा तोफेच्या गाड्यापुढे पडला. गाडा जेमतेम थांबला. संध्याकाळी वडिलांची तार आली: ठीक आहेस ना? घरी बहिणीला अचानक वाटले होते, की भावावर संकट आले आहे. बर्गर हादरला. हा निरोप गेला कसा, या एका प्रश्नापायी तो मेंदूचा डॉक्टर झाला आणि 1924 साली माणसाच्या मेंदूतल्या विजेचा पहिला आलेख त्याने काढला. लहरी सापडल्या, पण इतक्या क्षीण, की कवटीबाहेर येईतो त्यांना धाप लागते. बहिणीच्या घरापर्यंत त्या कुठून पोचणार?

आमच्या आजीला हे सांगून पटले नसते. 1965 च्या लढाईत माझा मामा आघाडीवर होता. आजी रोज पहाटे उठून सांगे, “लिही रे, माझं मन सांगतंय, त्याच्या पायाला काहीतरी झालंय.” दुसऱ्या दिवशी डोके, तिसऱ्या दिवशी पोट. मी पोस्टकार्डे लिहीत असे. एकदा मामाने कळवले, की नव्या बुटाने फोड आला होता, आता बरा आहे. “बघ!” आजी म्हणाली. बाकीचे सगळे अवयव शाबूत असल्याचे तिने हिशेबात धरले नाही.

1995 साली अमेरिकनांनी आपल्या खात्याचा हिशेब मांडला, तो याहून वेगळा नव्हता. सुमारे 2 कोटी डॉलर गेले होते. माहिती मोघम, पुष्कळशी चुकीची. तिच्यावर विसंबून एकही मोहीम आखता आली नव्हती. खाते बंद झाले.

फरक इतकाच, की त्यांच्या माणसांना नकाशावरचे अक्षांश-रेखांश देत. आजीकडे पत्ता एकच: केअर ऑफ 56 ए. पी. ओ. मुलगा कुठे आहे हे त्यावरून कुणालाच कळू नये, अशी ती योजना. आजीची त्याबद्दल तक्रार नव्हती. तो कुठे आहे, हे तिने कधी विचारलेच नाही. तिला तो कसा आहे एवढेच हवे होते. आणि ते कळेपर्यंत दुपारच्या पोस्टमनची वाट पाहत ती ओट्यावर बसलेली असे. डोळे उघडे ठेवून.