आयतं बीळ

गडग्यावरची ‘आत येऊ नये’ ही पाटी अखेर मीच काढून आणली. आता ती पडवीत भिंतीकडे तोंड करून उभी आहे, आणि तिच्या पायी गेला आठवडाभर मी आर्थर रॅन्समचं ‘स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स’ पुन्हा वाचतो आहे. पुस्तक १९३० सालचं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधलं तळं, चार भावंडं, शिडाची एक होडी आणि एक बेट. पहिल्यांदा वाचलं ते आजीच्या आरामखुर्चीत. ती माजघरातून बाहेर आली की म्हणायची, “बसलाच का आयत्या बिळावर नागोबा!” मी उठायचो नाही.

ते बेट कुणाचं, हे तेव्हा मनातही आलं नव्हतं. या वेळी दुसऱ्याच बैठकीत अडखळलो. मुलं बेटावर उतरतात तेव्हा तिथे दगडांची चूल आधीच मांडलेली असते, सरपण नीट रचून ठेवलेलं असतं. तरी मुलांच्या लेखी बेट आपलं. मग दुसऱ्या होडीतून नॅन्सी आणि पेगी येतात. त्यांच्या मते बेट पहिल्यापासून त्यांचं. भांडण रंगतं, लढाईचे बेत ठरतात, पण कागद दोघांपैकी कुणाकडेच नाही. कागद ज्याच्याकडे असेल तो मालक मला तरी पुस्तकात कुठे भेटला नाही. दूध मात्र रोज डिक्सनबाईंच्या गोठ्यातलं, आणि निजायला गवत भरलेल्या पिशव्या जॅक्सन नावाच्या शेतकऱ्याने पोचवलेल्या. या माणसांना मुलं खेळात म्हणतात ‘नेटिव्ह’. लहानपणी त्या शब्दावर मी हसलो असणार. ज्या साली इंग्रज पोरं इंग्रज शेतकऱ्यांना गमतीने नेटिव्ह म्हणत होती, त्याच साली आपल्याकडचे खरेखुरे नेटिव्ह राखीव जंगलात कायदा मोडून शिरत होते, आणि २५ सप्टेंबरला चिरनेरला त्यांच्यावर गोळीबार झाला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून काय सिद्ध होतं, ते मला सांगता येणार नाही. रॅन्समचा त्यात दोष नाही. पण एकदा शेजारी आल्या त्या आल्या.

एनिड ब्लायटनने निदान हिशेब चोख ठेवला आहे. ‘फेमस फाइव्ह’मधली जॉर्ज ‘माझं बेट, माझं बेट’ करत असते, पण किरिन बेट असतं तिच्या आईच्या माहेरचं. एके काळी आसपासची बरीच जमीन त्यांची, ती विकून उरलेला हा तुकडा. बेट विकायला निघतात तेव्हा आपण सगळे वाचक जॉर्जच्या बाजूने. मीही होतो. वारसाहक्काच्या बाजूने आपण इतक्या तावातावाने उभे आहोत, हे अकराव्या वर्षी कोण सांगणार?

पण मी म्हणीकडे येत होतो. नागाला बीळ खणता येत नाही. पाय नाहीत, नखं नाहीत. तो उंदराच्या बिळात शिरतो, आणि बहुधा उंदराला गिळूनच घरभरणी करतो. नाहीतर वारुळात राहतो. वारूळ रचते वाळवी, कण कण माती वर आणून. नागपंचमीला आपण हळदकुंकू, लाह्या, दूध घेऊन त्या वारुळाशी जातो ते नागासाठी. वाळवीचं नावसुद्धा कुणी घेत नाही. ती घरात आली की औषध मारतो.

आणि त्या दिवशी आजी सांगायची ती कहाणी. शेतकरी आपलं शेत नांगरत असतो, फाळ बिळात जातो, नागिणीची पिल्लं मरतात. नागीण सूड घेत त्याच्या घरादाराला डसते, मग सासरी असलेल्या लेकीकडे जाते. लेकीने पाटावर नाग काढून पूजा मांडलेली. ती पाहून नागीण शांत होते, अमृत देते, सगळी उठून बसतात. सातबारा काढला तर शेत शेतकऱ्याचं. नागिणीच्या लेखी घुसखोर तोच. आणि बीळ? ते तरी नागिणीने कुठे खणलं होतं! ज्याने खणलं त्याची कहाणी नाही. लहानपणी मी हा प्रश्न आजीला विचारला होता असं मला वाटतं, पण कदाचित आत्ता लिहिताना मीच तो तिच्यापुढे टाकतो आहे.

स्वतःचं बीळ स्वतः खणणाऱ्यांपैकी ज्याची गोष्ट आहे असा एकच आठवतो, पीटर नावाचा ससा. बिएट्रिक्स पॉटरच्या १९०२ च्या पुस्तकातला. तो मॅकग्रेगरच्या मळ्यात चोरून शिरतो, जिथे शिरल्यामुळे त्याच्या बापाचं मटण होऊन पाय नावाच्या पदार्थात गेलेलं असतं. पोरांना वाचायला इतकी खुशाल क्रूर गोष्ट! पॉटरबाईंनी मग पुस्तकांच्या पैशातून लेक डिस्ट्रिक्टमध्येच शेती घ्यायला सुरुवात केली. १९४३ साली गेल्या तेव्हा चार हजार एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्टला ठेवून गेल्या. म्हणजे सशाच्या बाजूने लिहिता लिहिता त्या मॅकग्रेगर झाल्या, आणि त्या झाल्या म्हणून ते डोंगर आज लोकांना फिरायला मोकळे राहिले. हे मला नीट पचत नाही. कारण सरळ वाट दुसरी होती. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे चारेकशे लोक ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या शिकारीच्या माळावर, किंडर स्काउटवर, बंदी मोडून चढले आणि पाच जण तुरुंगात गेले. त्या ड्यूकच्या नातवाने २००२ साली माफी मागितली. फिरणाऱ्यांना अशा माळांवर हक्क देणारा कायदा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

आमच्या गडग्यातून वाडीतली मुलं शाळेची वाट काढतात, जाताजाता काजूही. कायद्याने वीस वर्षं अखंड वहिवाट असली तर वाटेचा हक्क लागतो. ही वाट किती वर्षांची? मी इथे तीनच वर्षं राहतो. बाग आजीची. तिने लावलेली नाही, तिलाही आयतीच मिळाली होती.

आज सकाळी गडग्याचे चार दगड खाली पडलेले दिसले. मी दोन परत लावले.