पोरीला काय सांगायचे?

आमची धाकटी आता ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे वाचक भगिनींच्या जिवाला घोर नको.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले होते. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी जरा जास्तच वेळ लावून ठेवली. पुढे टू-डी इको केला तेव्हा कळले, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. वय सात वर्षे. धावली की दमायची. आम्ही म्हणायचो, नीट जेवत नाही म्हणून!

आम्ही पडलो कारकून. लगेच फाईल केली. रेशनकार्ड, आधार, इकोचा अहवाल, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली. दातही तपासून घेतले, कारण किडक्या दातातले जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत जाऊ शकतात. एक दाढ किडलेली निघाली, ती आधी काढली. शेजारच्या मावशींनी गंडा आणून दिला. त्यात माया होती म्हणून वाद घातला नाही. बांधला मात्र नाही.

आणि पोरीला सांगितले, ‘फोटो काढायला जायचंय.’

दाखल केल्यावर सिस्टरने तिला विचारले, ‘बाळ, कशाला आलीस?’ तिने तेच सांगितले. सिस्टरने आम्हा दोघांना बाहेर बोलावले. म्हणाल्या, ‘उद्या ती उपाशी राहणार, सुई टोचणार, जाग आल्यावर कितीतरी तास पाय हलवू देणार नाहीत. तेव्हा तिने विश्वास कुणावर ठेवायचा?’

आम्ही गप्प. वस्तीत सभा घेऊन सांगत फिरतो, डॉक्टरांना प्रश्न विचारा, लाजू नका. अन् घरात ही तऱ्हा.

रात्री तिला जवळ घेऊन सगळे सांगितले. तू झोपलेली असशील. छाती कापत नाहीत. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालतात, तिच्यातून मिटलेल्या छत्रीसारखं झाकण नेतात आणि छिद्रावर उघडतात.

‘छत्री परत काढणार?’

‘नाही. तारेच्या जाळीची असते. काही महिन्यांत तिच्यावर तुझंच मांस धरतं.’

‘दुखेल?’

सौ.ने आमच्याकडे पाहिले. ‘सुई टोचताना दुखेल,’ आम्ही म्हणालो. ‘रडलीस तरी चालेल.’

‘आई आत येणार?’

‘दारापर्यंत.’

ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, ‘मग दोघं दारातच थांबा. चहाला जाऊ नका, पप्पा.’

सकाळी तिला आत नेले. मेहुणे चहाचा थर्मास घेऊन आले होते. आम्ही दारातून हललो नाही.