मोटरचं दार आणि मावळचा पाऊस

शोरूमची फरशी सपाट आणि कोरडी असते, त्यामुळे मोटरवर उघडणारं कुठलंही दार तिथे देखणंच वाटतं. माझं काम गाड्यांच्या दारांचं. दार पारखायचं असेल तर मी गाडी लोणावळ्यात तुंगार्ली धरणाकडे जाणाऱ्या चढावर नेतो, तीही शक्यतो जुलैत.

सरकतं दार उघडताना मागे जातं. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर उघडताना मोटरला ते चढावर ओढावं लागतं, आणि बंद होताना तेच दार स्वतःच्या वजनाने पुढे धावू पाहतं. मधे कुणाचा हात आला, हे मोटरला कसं कळतं? तिचा वेग मंदावतो, ती जास्त करंट ओढू लागते आणि कंट्रोलर तिला उलटी फिरवतो. दाराच्या कडेला दाब ओळखणारी पट्टीही असते. पण चढावर नुसतं दार ढकलतानाही करंट वाढतोच. करंटची मर्यादा सैल ठेवली तर बोटं चेपतात. कडक ठेवली तर दार अर्ध्यावरून परत फिरतं आणि आत पाऊस येतो. हा तोल साधणं फार अवघड आहे. बंद होणाऱ्या दाराने लोकांना इजा झाल्यावर अमेरिकेत २०२३ मध्ये किया कार्निव्हलच्या ५१ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि दाराचा वेग कमी करणारं सॉफ्टवेअर त्यांत घालावं लागलं.

तरीही मावळासाठी मी सरकत्या दाराच्याच बाजूने आहे. लोणावळ्याच्या बाजारात शनिवारी चिक्कीच्या दुकानासमोर गाडी थांबते आणि मागून दुचाकी सुसाट येते. तिथे बिजागरीचं दार उघडणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. सरकतं दार रस्त्यात येत नाही. कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी दाटीवाटीने लागलेल्या गाड्यांतून आजी-आजोबांना उतरवताना त्याची खरी किंमत कळते: पूर्ण रुंद वाट, आणि आजींनी जड दार खेचायची गरज नाही. हाताने सरकवायचं दार आपल्याला १९८४ पासून मारुती व्हॅनमुळे, म्हणजे पुढे ओम्नी झालेल्या गाडीमुळे, ठाऊक होतंच. मोटरमुळे वजन, किंमत आणि देखभाल वाढते. खालच्या रुळात चिखल साचला की मोटर कण्हू लागते, म्हणून पावसाळ्यात रूळ पाण्याने धुऊन काढावेत. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण कुणी करत नाही.

वर उघडणाऱ्या दारांबद्दल मात्र मला तेवढी माया नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलला ती गरजेपोटी आली. नळ्यांच्या सांगाड्यामुळे गाडीची बाजू इतकी उंच झाली होती की नेहमीचं दार बसवायला जागाच उरली नव्हती. टेस्लाच्या मॉडेल एक्सने २०१५ मध्ये त्याला दुसरा सांधा आणि मोटर दिली. दार वर जाता जाता मुडपतं, त्यामुळे बाजूला जागा कमी लागते. कल्पना हुशार आहे. पण दाराबरोबर छताचाही भाग उचलला जातो आणि पाऊस थेट सीटवर पडतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे हा दोष छोटा नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये आलेल्या एमजी सायबरस्टरची दारंही मोटरवर कात्रीसारखी वर जातात. जुन्या बंगल्याच्या बुटक्या पोर्चमध्ये ती उघडण्याआधी वर बघायलाच हवं.

गाडी उलटली तर? छतावर पडलेल्या गाडीचं वर उघडणारं दार उघडणार कुठे? मर्सिडीजने तशाच दारांच्या एसएलएस एएमजीमध्ये बिजागऱ्यांत छोटी स्फोटकं बसवली होती. गाडी उलटताच दार सुटं होऊन ढकलता यावं, यासाठी. घाटात उलटलेली वाहनं मी पाहिली आहेत, म्हणून त्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे.

मला खरी काळजी आहे ती कुलपाची. साध्या दारात हँडल ओढलं की तार थेट लॅच सोडवते. नव्या दारांत अनेकदा हँडल हे फक्त बटण असतं. लॅच सोडवते एक छोटी मोटर, आणि तिला वीज मिळते १२ व्होल्टच्या बॅटरीतून, गाडी इलेक्ट्रिक असली तरीही. धडकेत ती बॅटरी किंवा तिची वायर तुटली की बटण मुकं होतं. हाताने सोडवायची तार बहुतेक ठिकाणी असते, पण कुठे? मॉडेल एक्सच्या मागच्या दारात ती स्पीकरच्या जाळीमागे आहे. धुराने भरलेल्या गाडीत मागे बसलेला पाहुणा जाळी काढून तार शोधेल, ही अपेक्षाच मला अमानुष वाटते. चीनने १ जानेवारी २०२७ पासून नव्या मॉडेलना आतून आणि बाहेरून, विजेशिवाय चालणारं हँडल सक्तीचं केलं आहे. आपणही तसा नियम लवकर करावा. आपल्या शेजारच्या चाकणमध्येच दारात लपणाऱ्या हँडलांच्या गाड्या बनतात. हे आता परदेशातलं कौतुक राहिलेलं नाही.

मावळात टाकव्याला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेचं चाचणी केंद्र आहे. मोटरच्या प्रत्येक दाराची एक परीक्षा तिथे व्हावी, असं मला मनापासून वाटतं. गाडी उतारावर उभी, दारं चिंब भिजलेली, १२ व्होल्टची वायर काढलेली. आत बसलेल्याने मागचं दार उघडून बाहेर यायचं, बाहेरच्याने पुढचं उघडून चालकाला काढायचं. आणि दोघांनीही ती गाडी त्याआधी कधी पाहिलेली नसावी.